ज्वालामुखीच्या अंगणातील घर

अटलांटिक महासागरात, आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून सुमारे सव्वाशे किलोमीटरांवर लान्झारोते नावाचे बेट आहे. स्पेनच्या कॅनरी द्वीपसमूहातील हे एक बेट. १ सप्टेंबर १७३० च्या रात्री, नऊ आणि दहाच्या दरम्यान, तेथील टिमान्फाया गावाजवळ धरणी दुभंगली आणि एका रात्रीत डोंगर उभा राहिला. ही हकिकत आपल्यापर्यंत पोहोचली ती एका धर्मगुरूमुळे. जवळच्या याइझा गावचे धर्मगुरू आन्द्रेस लोरेन्झो कुर्बेलो यांनी त्या उत्पाताची टिपणे ठेवली होती. लाव्हा आरंभी पाण्यासारखा धावला व पुढे मधासारखा जड होत सरकू लागला. वस्त्या एकामागून एक त्याखाली गेल्या. विषारी वाफांनी गुरे जागच्या जागी कोसळली. किनाऱ्यावर कधी न पाहिलेल्या जातींचे मासे मरून पडले, असे त्यांनी लिहून ठेवले. त्यांची मूळ वही आज उपलब्ध नाही. लिओपोल्ड फॉन बुख हा जर्मन भूशास्त्रज्ञ १८१५ मध्ये त्या बेटावर गेला होता. त्याने आपल्या ग्रंथात तिचा वृत्तान्त दिला, म्हणून ती टिकली.

बाप्तिस्मा, विवाह आणि मृत्यू यांच्या नोंदी लिहिणे हे आम्हा धर्मगुरूंचे नित्याचे काम. त्यात कंटाळाही पुष्कळ असतो. मात्र ज्या पुस्तकात लेकरांची नावे लिहायची, त्याच्याच शेजारी गावांच्या मृत्यूची नोंद करण्याची पाळी ज्यावर आली, त्या धर्मगुरूचा हात कसा चालला असेल, याचा विचार आम्ही अनेकदा केला आहे. २८ डिसेंबर १७३१ रोजी ही टिपणे थांबतात. आग शमण्याची आशा सोडून याइझाचे लोक आपल्या धर्मगुरूसह ग्रान कनारिया बेटाकडे निघून गेले. आग मात्र १६ एप्रिल १७३६ पर्यंत धुमसत होती. साडेपाच वर्षांहून अधिक काळ! बेटाचा जवळजवळ चौथा हिस्सा लाव्हा आणि राखेखाली गेला, आणि तोही सुपीक हिस्सा.

आता प्रश्न असा, की अशा भूमीवर पाहुण्यांसाठी घर बांधायचे झाले तर ते कसे बांधावे? खाली गावे गाडली गेली आहेत. वर अजून पुरते थंड न झालेले डोंगर आहेत. पाहायला जग येणार, त्याला पाणी हवे, सावली हवी, दोन घास हवेत, शौचालय हवे. हा प्रश्न वास्तुशिल्पींचा आहे, धर्मगुरूने त्यात का पडावे, असे वाचक म्हणतील. त्याचे उत्तर पुढे येईलच.

काही वर्षांपूर्वी फातिमाची यात्रा आटोपून आम्ही आठवडाभर या बेटावर राहिलो. सेमिनरीतील आमचे एक सहाध्यायी तेव्हा कॅनरी बेटांत सेवा करत होते, त्यांचा आग्रह. विमानातून खाली पाहताच मनात धस्स झाले. हिरवा रंग म्हणून नाही. काळी, तांबडी, करडी भूमी आणि तीवर मिठाच्या खड्यांसारखी विखुरलेली पांढरी घरे. वर्षाला दीडशे मिलिमीटरही पाऊस धड पडत नाही अशा ठिकाणी माणसे राहतात, हेच आमच्या कोकणी मनाला पटेना. आमच्याकडे तेवढा पाऊस जुलैच्या एका दिवसात पडून जातो.

टिमान्फायाचा परिसर १९७४ मध्ये राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाला. सुमारे एक्कावन्न चौरस किलोमीटरांचे हे उद्यान, पण उद्यान या शब्दाने वाचकांनी फुलझाडे डोळ्यांपुढे आणू नयेत. शंकूसारखे डोंगर, त्यांची वासलेली तोंडे, आणि नांगरून टाकलेल्या शेतासारखा खडबडीत, गोठलेला लाव्हा. तेथे पाहुण्याला मनास येईल तसे हिंडता येत नाही. लाव्हाच्या दगडांवर दगडफुलांचा पातळ थर आता कोठे धरू लागला आहे; पाऊल पडले की त्याची खूण वर्षानुवर्षे राहते. म्हणून पाहुण्यांना बसमध्ये बसवून सुमारे चौदा किलोमीटरांच्या एका वाटेने फिरवून आणतात. ही वाट आखण्यात खेसूस सोतो या स्थानिक कलावंताचा मोठा वाटा होता. रस्ता असा वळवत नेला आहे की दुरून तो दिसतच नाही. बसमधून पाहणाऱ्यालाही पुढच्या वळणाचा डांबराचा पट्टा क्वचितच दिसतो. डोंगराला कोठे कापलेले नाही. डोंगर वळतो तेथे रस्ता वळतो.

इस्लोते दे इलारिओ या टेकाडावर ही वाट सुरू होते आणि तेथेच संपते. इलारिओ हा एक एकांतवासी होता, आपल्या सांडणीसह अनेक वर्षे तेथे राहिला, त्याने अंजिराचे झाड लावले, ते रुजले पण त्याला फळ कधी धरले नाही, अशी लोककथा आहे. शुभवर्तमानात निष्फळ अंजिराचा दाखला येतो. तेथील माळी झाडासाठी आणखी एका वर्षाची मुदत मागून घेतो. इलारिओला मुदत देणारा कोणी नव्हता, कारण मुळांखाली आग होती. आजही तेथे हातभर खोल उकरलेला मुरूम तळहातावर धरवत नाही. खड्ड्यात वाळक्या काटक्या टाकल्या की थोड्या वेळात पेट घेतात. जमिनीत पुरलेल्या नळीत बादलीभर पाणी ओतले की क्षणार्धात ते गर्जना करीत वाफ होऊन वर उसळते. आमच्याबरोबरच्या जर्मन आजीबाई दचकून आमच्या दंडाला बिलगल्या, आणि मग आम्हा दोघांनाही हसू आवरेना.

या टेकाडावर १९७० च्या सुमारास पाहुण्यांसाठी भोजनगृह बांधले गेले. कल्पना सेझार मान्रिके याची. हा १९१९ साली याच बेटावर, आरेसिफे येथे जन्मलेला चित्रकार. वास्तुविद्येची पदवी त्याच्याकडे नव्हती. न्यूयॉर्कमध्ये काही काळ काढून १९६६ मध्ये तो मायदेशी परतला आणि बेटाच्या शासकीय मंडळाचा तत्कालीन अध्यक्ष खोसे रामिरेझ या मित्राच्या पाठबळाने कामाला लागला. रिकाम्या, तापलेल्या टेकाडावर बांधायचे म्हणजे पहिली अडचण पायाची. उष्णता वर चढू नये म्हणून बेसॉल्टच्या दगडांचे थरावर थर रचले गेले. दगड, लोखंड आणि काच यांखेरीज फारसे काही वापरले नाही, कारण तापणाऱ्या भूमीवर तेच टिकणार. इमारत गोल आणि बुटकी. सभोवार काचा, म्हणजे जेवणारा कोठेही बसला तरी डोंगर त्याच्या पुढ्यात. छतातले दिवे तव्यांचे केलेले! आणि स्वयंपाकासाठी चूल नाही. जमिनीतून वर येणाऱ्या उष्णतेच्या विहिरीवर जाळी ठेवून मांस भाजतात. ज्या आगीने गावे खाल्ली तीच आता कोंबडी भाजते. आमचे सहाध्यायी हे वाक्य हसत म्हणाले, पण पुढचा घास घेण्यापूर्वी ते थोडे थांबले, हे आम्ही पाहिले.

या भोजनगृहाचे नाव ‘एल दियाब्लो’, म्हणजे सैतान. उद्यानाचे चिन्हही डोक्यावर काटेरी शूळ धरलेला सैतान, मान्रिकेनेच रेखाटलेला. धर्मगुरूने सैतानाच्या खानावळीत जेवावे की नाही, यावर सेमिनरीत आम्हाला कोणी व्याख्यान दिले नव्हते. आम्ही जेवलो. कोंबडी उत्तम होती.

पण आमच्या मनात भरले ते दुसरेच. ती इमारत डोंगराशी स्पर्धा करीत नाही. तिला शिखर नाही, कमान नाही, दर्शनी भागावर नाव कोरलेले नाही. बेटावर अन्यत्रही मान्रिके आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हाच मार्ग धरला. उत्तरेकडील कड्यावरचे मिरादोर देल रिओ हे निरीक्षणस्थळ १९७३ मध्ये झाले; पूर्वी तेथे तोफखाना होता. बाहेरून केवळ दगडी भिंत दिसते. आत शिरून वळणावळणाच्या बोळातून पुढे आलो की अचानक प्रचंड खिडक्या आणि खाली पावणेपाचशे मीटरांवर समुद्र, त्यात ला ग्रासिओसा हे छोटे बेट. हामेओस देल आग्वा येथे तर बांधकाम लाव्हाच्या बोगद्यातच आहे. कोरोना ज्वालामुखीचा लाव्हा वाहताना वरचा थर गोठला, आतला वाहून गेला, आणि मैलोगणती लांब पोकळ नळी उरली. तिचे छत जेथे कोसळले ती विवरे म्हणजे हामेओ. एका विवरातून उतरायचे, समुद्राचे पाणी झिरपून झालेल्या निश्चल तळ्याकाठून जायचे, आणि दुसऱ्या विवरातून उजेडात यायचे. त्या तळ्यात नखाएवढे पांढरे, आंधळे खेकडे राहतात. पाण्यात नाणी टाकू नका, अशी सूचना आहे. धातूच्या गंजाने ते मरतात. नवसाचे नाणे टाकण्याची सवय आपल्याइतकीच युरोपीयांनाही आहे, हे पाहून मौज वाटली.

मांचा ब्लांका गावाजवळ उद्यानाचे माहिती केंद्र आहे. ते अगदी अलीकडच्या पद्धतीचे: चित्रे, नकाशे, उद्रेकाचा आवाज व थरकाप अनुभवण्यासाठी एक अंधारी खोली. पांढऱ्या, ठेंगण्या इमारतीचा बराचसा भाग लाव्हाच्या पातळीखाली दडवलेला आहे. रस्त्यावरून जाणाऱ्याला ती एखाद्या शेतकऱ्याच्या घरासारखी वाटावी. त्या अंधाऱ्या खोलीपेक्षा बाहेर लाव्हावर नेणारी छोटीशी वाट आम्हाला अधिक बोलकी वाटली. तेथे वारा सोडून कशाचाही आवाज नव्हता.

याच गावात दुःखितांच्या मातेचे मंदिर आहे. लोक तिला ज्वालामुखींची माता म्हणतात. लाव्हा गावाच्या दिशेने सरकू लागला तेव्हा गावकरी तिचे चित्र घेऊन मिरवणुकीने सामोरे गेले, आणि लाव्हा तेथेच थबकला, असे ते श्रद्धेने सांगतात. मंदिर बांधू असे वचन त्यांनी दिले आणि संकट टळल्यावर ते विसरले! पुढे कित्येक वर्षांनी एका मेंढपाळ मुलीला मातेने दर्शन देऊन वचनाची आठवण करून दिली, असे परंपरा सांगते. मग मंदिर झाले. १५ सप्टेंबरच्या सणाला आजही बेटभरातून लोक तेथे पायी येतात. आम्ही तेथे ख्रिस्तयाग अर्पण केला. मंदिर साधे, पांढरे. कोपऱ्यांना काळा दगड. धर्मस्थळ आणि माहिती केंद्र एकाच गावात, हाकेच्या अंतरावर. एकात ज्वालामुखीचे कारण सांगतात आणि दुसऱ्यात त्याच्यापुढे उभ्या राहिलेल्या माणसांचे स्मरण होते. दोन्ही ठिकाणी डोके आपोआप झुकते, कारण दोन्ही ठिकाणी आत जायला खाली उतरावे लागते असे आम्ही लिहिणार होतो, पण ते खरे नाही. मंदिराला पायऱ्या चढून जावे लागते. लेखणीला असे मोह होतात.

शेतकऱ्यांविषयी चार शब्द लिहिलेच पाहिजेत, कारण त्या बेटावरचे पहिले वास्तुशिल्पी तेच. राखेखाली शेते गेल्यावर परतलेल्या लोकांच्या ध्यानात आले, की ही काळी, सच्छिद्र राख रात्रीचे दव शोषते आणि खालच्या मातीतला ओलावा दिवसा उडू देत नाही. मग ला हेरिया भागात त्यांनी राखेत फनेलसारखे खळगे खणले, जुन्या मातीपर्यंत पोहोचून प्रत्येक खळग्यात एकेक द्राक्षवेल लावली आणि वाऱ्याच्या बाजूने अर्धचंद्राकार दगडी बांध घातले. काळ्या उतारावर असे हजारो अर्धचंद्र आणि प्रत्येकात एक हिरवा ठिपका. आमच्या वसईकडे पानवेलीला आणि केळीला बांध घालून जपणाऱ्या आजोबांनी हे पाहिले असते तर त्यांनी त्या शेतकऱ्याचा हात हातात घेतला असता. मान्रिकेने जे केले ते याच बांधांकडे पाहून केले, असे आम्हाला वाटते.

आता आमच्या घरच्या गोष्टीकडे येतो. आपल्या पायाखालची भूमीही ज्वालामुखीचीच आहे, हे आपण सहसा विसरतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थरावर थर पसरले. सह्याद्रीचे कडे, अंधेरीची गिल्बर्ट टेकडी, आपल्या चर्चच्या जोत्याचा काळा दगड, सारे त्यातले. अजिंठा, वेरूळ, कान्हेरी ही लेणी याच पाषाणात कोरली गेली. जगात ज्वालामुखीच्या खडकाशी इतक्या समजुतीने वागलेली माणसे थोडीच असतील. बोरिवलीच्या मंडपेश्वर लेण्यात पोर्तुगीज काळात फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनी गिरिजाघर थाटले होते. दुसऱ्याचे देवस्थान घेऊन ते झाले, म्हणून त्याचा अभिमान आम्ही बाळगत नाही. परंतु खडकात घर शोधण्याची रीत या भूमीत किती जुनी आहे एवढे त्यावरून दिसते.

आमच्या धर्मग्रामाच्या सीमेवर एक काळ्या कातळाची डोंगरी आहे. वर मातेचे छोटे प्रार्थनामंदिर. मे महिन्यात आणि सप्टेंबरच्या नोव्हेनाला दूरदूरहून भाविक येतात. त्यांना ना सावली, ना पाणी. म्हणून यात्रेकरूंसाठी घर बांधावे असे धर्मग्राम परिषदेने ठरवले, आणि एक दानशूर बांधव खर्चाचा मोठा वाटा उचलायला पुढे आले. त्यांनी आणलेला नकाशा तीन मजल्यांचा होता. शिखराचा कातळ सुरुंग लावून सपाट करायचा, दर्शनी भाग काचेचा, वर महामार्गावरून दिसेल असा झळाळता क्रूस. बांधवांचा हेतू निर्मळ आहे, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. आईवडिलांच्या स्मरणार्थ काही उभारावे आणि ते दिसावे, असे कोणाला वाटत नाही?

डोंगरीच्या पूर्वेस एक बंद पडलेली खदान आहे. तीस-पस्तीस वर्षे तेथून खडी निघाली. आमच्या भागातील निम्म्या इमारतींच्या स्लॅबमध्ये ती असावी. आता तेथे टप्प्याटप्प्यांनी उतरणारा काळा खड्डा उरला आहे आणि पावसात त्यात पाणी साचते. लान्झारोतेवर ग्वातिसा येथे अशीच एक जुनी खाण होती. राख काढून काढून तिचा खड्डा झाला होता, गावाचा केरही तेथे पडे. मान्रिकेने त्या खड्ड्याला पायऱ्यापायऱ्यांचे दगडी बांध घालून निवडुंगांची बाग केली. १९९० मध्ये ती खुली झाली. तेथे उभे असताना आम्हाला आमची खदान दिसू लागली होती.

परतल्यावर परिषदेपुढे आम्ही हे मांडले. शिखराला हात लावू नये; जेथे डोंगर आधीच कापला गेला आहे तेथेच, खदानीच्या भिंतीला पाठ लावून, एकमजली घर बांधावे. तरुणांना कल्पना आवडली. वृद्धांनी विचारले की तेथून वर चढायचे कसे, आणि तो प्रश्न रास्त होता. दानशूर बांधव म्हणाले, “फादर, खड्ड्यात बांधलेले घर कोण बघणार?” हाही प्रश्न आम्ही हसण्यावारी नेला नाही.

त्या सभेत सर्वांत शेवटी खदानीजवळच्या पाड्यातील एक आजी उठल्या. त्यांचे यजमान या खदानीत पाथरवट होते आणि सुरुंगाच्या अपघातात गेले. भरपाईसाठी त्या वर्षानुवर्षे हेलपाटे घालत राहिल्या. आजी म्हणाल्या, “घर कुठंबी बांदा, फादर. पर तितं माणसं मेली हायत, त्यांची नावं लिवा.” सभा स्तब्ध झाली. आमच्या मृतांच्या नोंदवहीत त्यांतील दोनच नावे आहेत. बाकीचे आमच्या धर्माचे नव्हते, म्हणून आमच्या पुस्तकात आले नाहीत. इतर कोठल्या पुस्तकात आले की नाही, कोण सांगणार? त्या रात्री आम्हाला कुर्बेलो यांच्या हरवलेल्या वहीची आठवण झाली.

मान्रिकेच्या बेटाची कहाणी निव्वळ गोड नाही, हेही लिहिले पाहिजे. सुमारे दीड लाख वस्तीच्या बेटावर आता वर्षाकाठी तीस लाखांच्या आसपास पाहुणे येतात. घर इतके सुंदर झाले की पाहुणे घरच व्यापून बसले. ऐंशीच्या दशकात किनाऱ्यावर हॉटेलांची रांग लागू लागली तेव्हा स्वतः मान्रिकेने जाहीर निषेध केला. त्याच्या आग्रहामुळे रस्त्याकडेला जाहिरातींचे फलक नाहीत आणि राजधानीतील एक हॉटेल सोडले तर उत्तुंग इमारत नाही. पण गर्दीला तो अडवू शकला नाही. २५ सप्टेंबर १९९२ रोजी मोटार अपघातात त्याचा अंत झाला, ताहिचे येथील आपल्या घरापासून थोड्याच अंतरावर. लाव्हातील पाच बुडबुड्यांच्या पोकळ्यांत बांधलेले ते घर त्याने त्याच वर्षी लोकांसाठी खुले केले होते. तेथील एका खिडकीतून गोठलेला लाव्हा थेट खोलीत शिरला आहे. काच त्याच्या आकाराप्रमाणे कापून बसवली आहे. आम्ही तेथे बराच वेळ उभे होतो. खडक बाजूला सारणे सोपे होते, काच तशी कापणे अवघड.

डोंगरीचे काम अजून सुरू झालेले नाही. आमच्या इंजिनिअरांनी खदानीतील घराचा नकाशा काढला आहे: काळ्या दगडाच्या भिंती, कौलारू उतरते छप्पर, वृद्धांसाठी टप्प्याटप्प्याने वर जाणारी हातकठड्याची चढण. प्रवेशाच्या भिंतीवर नावांसाठी जागा सोडली आहे. पाड्यातील दोन तरुण घरोघर फिरून नावे गोळा करीत आहेत. आतापर्यंत सात मिळाली, त्यांत चार वारली मजूर आहेत आणि एकाचे केवळ टोपणनाव कोणाला आठवते. दानशूर बांधवांनी नकाशा घरी नेला आहे. त्यांच्या पत्नी दगडी भिंतीच्या बाजूने आहेत, असे कानांवर आले.

यंदा जुलैच्या शेवटच्या आठवड्यात पाणी खदानीच्या तिसऱ्या टप्प्यापर्यंत चढले. इंजिनिअरांच्या सांगण्यावरून आम्ही आणि धर्मग्रामातील दोन मुलांनी छत्र्या सावरत तेथे उतरून कातळावर चुन्याची खूण केली. दुसऱ्या सरीत ती पुसली, म्हणून मग ऑइलपेंटची. जोते त्या खुणेच्या वर तीन फूट धरायचे ठरले आहे.